किआन्तीची बाटली, करडईचं तेल

माझ्या स्वयंपाकघरात करडईचं तेल अजूनही इटलीच्या बाटलीत असतं. पोट फुगलेली, मान उंच, आणि कमरेपासून खाली वाळल्या गवताच्या विणीचं झबलं घातलेली बाटली. वीण आता जागोजागी उसवली आहे, तेल लागून लागून काळी पडली आहे. घरात नवीन माणूस आला की हमखास विचारतो, "काकू, ही कुठून आणली?" मी सांगते, "किआन्तीची आहे." त्याला वाटतं, किआन्ती म्हणजे जिंतूरच्या पुढचं एखादं जत्रेचं गाव असावं. वाटू दे. भाजीला फोडणी पडते, तेल संपतं, मी परत भरते.

एरवी या बाटलीचं मला काही वाटत नाही. पण हुरड्याचे दिवस आले की ती उचलताना हात जड होतो. आता हुरडासुद्धा शोधावा लागतो म्हणा. जिकडं तिकडं सोयाबीन. ज्वारी दिसली तर गाडी थांबवून बघावी अशी परिस्थिती. तरी पौषातली थंडी पडली, कुठल्या तरी बांधावर आगटीचा धूर दिसला आणि भाजल्या कणसाचा तो कोवळा, दुधाळ वास नाकात शिरला की मला त्या वासाच्या मागोमाग दुसरा एक वास येतो. तांबड्या वाइनचा. माझ्यासारख्या बाईनं हे सांगावं म्हणजे लोक हसतील. परभणी जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका, सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणणारी, आणि हिला हुरड्याबरोबर वाइन आठवते! हसा. मी थेंबभरसुद्धा प्यालेली नाही. आणि तरी त्या एका हिवाळ्यात इटलीच्या वाइनची जेवढी मजा आम्ही दोघांनी लुटली, तेवढी पिणाऱ्यांनीही लुटली नसेल.

आमचे हे शेतकी कॉलेजच्या फळबागेत शिकवायचे. प्रल्हाद नाव. द्राक्षं हा ह्यांचा विषय. परभणीत द्राक्षाचा माणूस म्हणजे वाळवंटात नावाडी, असं ह्यांचे मित्र चिडवायचे. बहात्तरच्या दुष्काळात सगळा जिल्हा खडी फोडत होता आणि नेमकं त्याच सुमारास सरकारनं ह्यांना द्राक्षबागा बघायला इटलीला पाठवायचं ठरवलं. पेडगावात, ह्यांच्या गावी, बातमी पोचली तेव्हा एक म्हातारा म्हणाला होता, "हितं प्यायला पानी न्हाई अन् हा द्राक्षं बघायला चाललाय." ह्यांनाही ते बोलणं लागलं होतं. जाताना अगदी मेल्याहून मेल्यासारखं तोंड करून गाडीत बसले.

परत आले ते त्र्याहत्तरच्या हिवाळ्याच्या तोंडाशी. पाऊस बरा झाला होता, रानात ज्वारी डोक्याच्या वर गेली होती, आणि ह्यांच्या बॅगेत स्वेटरांमध्ये गुंडाळलेल्या तीन बाटल्या होत्या.

इथं माझ्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई आमच्याजवळच राहायच्या, परभणीत, दोन खोल्या आणि मागं अंगण असलेल्या भाड्याच्या घरात. सासऱ्यांना मी पाहिलं नाही. दारूनं गेले ते. रोज हातभट्टीवर जायचे, घरी यायचे, आणि तोंडाचा वास आला की म्हणायचे, "न्हाई गं, चूळ भरली निस्ती." आणि आत्याबाई गावाला सांगायच्या, "आमचे धनी न्हाई पीत." एका सकाळी ओढ्याच्या काठाला सापडले. पुढं गावानं दीक्षा घेतली तेव्हा आत्याबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. चार शीलं त्यांनी सगळ्यांच्या बरोबरीनं म्हटली, पाचव्याला मात्र आवाज चढला. मद्य घेणार नाही. पुढं आयुष्यभर रोज पहाटे म्हणताना पाचव्याशी तो तसाच चढायचा. शेजारी म्हणायचे, आमाला घड्याळ नको, तुमच्या सासूचं पाचवं शील झालं की आमी उठताव. लोकांच्या रानात राबून त्यांनी पोराला शिकवलं, आणि बोर्डिंगला पाठवताना एकच गोष्ट मागून घेतली होती. पाचवं मोडायचं नाही. ह्यांनी शब्द दिला होता.

मग तो शब्द घेऊन माणूस गेला कुठं, तर जिथं जेवणाला पाण्याऐवजी वाइन असते तिथं. हे सांगायचे, पहिल्याच दिवशी एका तळघरात नेलं, हातात प्याला दिला, आणि सगळे आता ह्यांच्या तोंडाकडं बघतायत. "मला तर घाम फुटला. डोळ्यांपुढं माय हुबी राह्यली." तेवढ्यात शेजारी उभ्या तिथल्या मास्तरानं घोट तोंडात घेतला, गालातल्या गालात घोळवला, डोळे मिटले, आणि पचकन कोपऱ्यातल्या बादलीत थुंकला. मग दुसरा थुंकला. मग तिसरा. चव घेणारी माणसं गिळत नाहीत, गिळलं तर दहाव्या प्याल्याला जीभ काय सांगणार? ह्यांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून हे जे मन लावून शिकले, की निरोपाच्या वेळी तिथल्या लोकांनी ह्यांचं नाक वाखाणलं म्हणे. शब्दही राहिला आणि विद्याही आली. ह्यांना वाटलं, झालं, सुटलो.

घरी आल्यावर ह्यांनी आधी काय केलं असेल, तर जुन्या बाजारातून पितळेची पिकदाणी आणली. निजामाच्या काळातल्या कुण्या तालेवाराची असावी. खाली बसकी, मधे कंबर बारीक, वर फुलासारखं पसरलेलं तोंड. विकणारा म्हणाला, "साहेब, पान खाता का?" हे म्हणाले, "न्हाई, वाइन थुंकायला पायजे." त्यानं पिकदाणी कागदात बांधली आणि पुढं काही विचारलं नाही.

पहिली बाटली बार्बेरा नावाच्या तांबड्या वाइनची. आत्याबाईंना ह्यांनी सगळं समोर बसून सांगितलं. लपवाछपवी ह्यांच्या स्वभावातच नव्हती. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "थुकायचंच हाय तर तोंडात घ्यायचं कामून?"

 ह्याला उत्तर आहे, पण जिनं 'चूळ भरली निस्ती' आयुष्यभर ऐकलं त्या बाईला पटेल असं नाही.

"माय, तू समोर बस. तुज्या डोळ्यांनी बग," हे म्हणाले.

"जिथं ती बाटली उघडली तिथं मी बसायची न्हाई." आणि त्या उठल्या, पदर घेतला, आणि विहाराच्या ओट्यावर जाऊन बसल्या. दर वेळी तेच. बूच निघायच्या आत त्या घराबाहेर. मग ह्यांनीही आईची लाज म्हणून खोलीचं दार लोटून घ्यायला सुरुवात केली. आईपुढं असली गोष्ट करू नये, एवढाच भाव त्यात होता. पण बाहेरून बघणाऱ्याला लोटलेलं दार म्हणजे लोटलेलं दारच. आज वाटतं, तेवढं एक दार सताड उघडं असायला हवं होतं.

दाराच्या आत मात्र काय रंगायचे ते दिवस! रविवारी दुपारी पेडगावहून हुरडा यायचा. चुलत दिराच्या रानात आत्याबाईंचा एक तुकडा होता, त्यातली गूळभेंडी ज्वारीची कणसं. आम्ही अंगणात निखारे करून भाजायचो, गरम गरम दाणे तळहातावर चोळायचो, शेंगदाण्याची चटणी, गूळ. आणि आत येऊन काचेच्या दोन प्याल्यांत बोटभर वाइन. हे प्याला गोल फिरवायचे, मला म्हणायचे, "आधी नाक. तोंडाची घाई करू नको." मी नाक घालायची. "काय वास यायलाय?"

मी पुस्तकी बोलायला जायची. फळासारखा, फुलासारखा.

"कंच्या फळासारखा? परभणीतलं बोल."

मग मी डोळे मिटले आणि खरोखर वास यायला लागले. जांभळं खाऊन झाल्यावर हातात उरलेल्या बियांचा. बिडीच्या ओल्या पानांचा. कात. गुलकंदाच्या बरणीचं झाकण. विहिरीवर मोटेचं चामडं भिजून उन्हात तापतं त्याचा. हे उड्या मारायचे. "बरूबर! तितं पन असंच म्हणतेत, चामडं म्हणून! अगं, मी सहा म्हयने तितल्या फुलांची नावं पाठ केली, येक फूल बगितलं न्हाई कदी. मोटेचं चामडं मला सुचलंच न्हाई." मग घोट. जीभ आधी आक्रसायची, हिरडा चघळल्यासारखी, आणि त्या तुरटपणाच्या मागून हळूच काही तरी गोड नव्हे पण ऊबदार असं वर यायचं. तोंडात हुरड्याचा दुधाळपणा असला की ते अजून खुलायचं. हे म्हणायचे, इटलीच्या लोकांना हुरडा माहीत नाही म्हणून, नाही तर त्यांनी ज्वारीच लावली असती. मग पिकदाणी. थुंकायलाही ह्यांनी शिकवलं मला, ओठ आवळून, बारीक धार, शिंतोडा उडू द्यायचा नाही. पहिल्यांदा माझ्या साडीवरच सांडलं. केवढे हसलो आम्ही. आत्याबाई ओट्यावरून परत येताना ते हसणं ऐकायच्या, आणि त्यांना वाटायचं, चढली.

मला तेव्हा हे कळत होतं का? थोडं कळत होतं. मी एकदा त्यांना भाकरी थापता थापता सांगितलंही, "आत्याबाई, खरंच गिळत न्हाईत हो. मी असते ना शेजारी."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "बाई, मीबी असंच सांगत व्हते लोकांला."

 बायकोची साक्ष त्यांनी स्वतः आयुष्यभर खोटी देऊन पाहिली होती. माझी त्यांनी कशी खरी मानावी?

पिकदाणी भरली की हे ती अंगणातल्या वेलाच्या मुळाशी ओतायचे. वेलही द्राक्षाचाच, कॉलेजातून काडी आणून लावलेला. आंबट ढाण द्राक्षं यायची. आत्याबाई त्या वेलाला रोज पाणी घालायच्या, आणि मुळाशी तांबडी माती दिसली की म्हणायच्या, "उरलेलं वतायलाय."

दुसरी बाटली बारोलोची होती, तिचं कौतुक करायला बसले तर लेख संपणार नाही. तिसरी ही, गवताचं झबलं घातलेली किआन्ती. हे म्हणत होते, ही आपण हुरड्याच्या शेवटच्या रविवारी उघडायची. ज्वारी निबर व्हायला लागली होती, कणसात एखादाच दाणा कोवळा. त्या दिवशी ह्यांना सकाळपासून अंग मोडल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, राहू द्या. नाही म्हणाले. "दाना निबर झाला की संपलं. बाटली थांबंल, हुरडा थांबत न्हाई."

आत्याबाई ओट्यावर गेल्या. आम्ही दुपारभर बसलो. हवा लागेल तशी वाइन बदलते, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं. आधी चिंचेच्या कोवळ्या बोटुकासारखी आंबट, रुसलेली. मग मऊ. ऊन उतरेपर्यंत तिच्यात वाळल्या तंबाखूचा आणि संत्र्याच्या सालीचा वास आला होता. दोघांनी घोट घोट करत अख्खी बाटली तोंडातून फिरवली. शेवटचा घोट ह्यांनी फार वेळ तोंडात ठेवला. मी गमतीनं म्हटलं, "गिळा आता. कोण बघतंय?" ह्यांनी मान हलवली, थुंकले, आणि म्हणाले, "कुनी बगत न्हाई म्हणूनच तर." मग थंडी वाजते म्हणून आडवे झाले. पिकदाणी आणि रिकामी बाटली मी खाटेखाली सरकवली. ह्यांचं कपाळ तापलं होतं.

ती कावीळ होती. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत घरोघर होती. दुष्काळानं आटलेल्या विहिरी नुकत्या भरल्या होत्या आणि काय पाणी पोटात जात होतं कोण जाणे. पण बाकीच्यांची उतरली. ह्यांचे डोळे करडईच्या फुलासारखे पिवळे झाले आणि तसेच राहिले. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यांना विचारायचा तो प्रश्न ह्यांनाही विचारला. दारू घेता का? हे म्हणाले, "न्हाई डॉक्टर. चव घेतो, थुंकतो." शेजारच्या खाटेवरचा माणूस फिसकन हसला. भेटायला आलेले दोन गाववाले एकमेकांकडं बघायला लागले. आत्याबाई पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान ह्यांनी बघितली, मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते म्हणून मला माहीत आहे. दुखणं ह्यांनी सोसलं असतं. ते नाही सोसलं.

पेडगावात तोवर पोचलंच होतं. इटलीची दारू बाधली. बापाच्या वळणावर गेला. वाण नाही पण गुण लागला म्हणायचं तर इथं वाणही होताच, लोकांना आणखी काय पाहिजे?

शुद्धीतल्या शेवटच्या दिवशी ह्यांनी आत्याबाईंचा हात धरला. मी कापूस ओला करून ओठाला लावत होते. हे म्हणाले, "माय, लोकांचं जाऊ दे. तुजा तरी इश्वास हाय का?"

आत्याबाईंनी हात सोडवला नाही. पण पेल्याकडं बघत म्हणाल्या, "आदी पानी पी, बाबा."

हे पाणी प्याले. दोन घोट गेले. मग काही विचारलं नाही, आणि नंतर विचारायचं राहूनच गेलं.

माणूस गेल्यावर घर कसं होतं ते मी लिहिणार नाही. ज्याच्या घरातलं गेलं त्याला ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगून कळत नाही. माझी मुलगी रांगत होती. ती दारापर्यंत जायची, दाराला हात लावायची, परत यायची. लोक आले, बसले, उठले. बोलताना एकदाही कुणी दारूचं नाव घेतलं नाही, पण ते सगळ्यांच्या जिभेच्या टोकावर होतं, आणि आत्याबाई प्रत्येकाच्या बोलण्यात तेच ऐकत होत्या. रडल्या नाहीत त्या. मला त्यांचा राग आला होता, इतका की मी त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. वाटायचं, एक 'हो' म्हणाला असतात तर काय झिजलं असतं तुमचं? आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाला पोचले आहे, त्यांच्याहून चार पावसाळे पुढंच गेले असेन. आता कळतं, आधी एकदा विश्वास ठेवून जी बाई धुळीला मिळाली तिला 'हो' म्हणायला किती लांबून यावं लागत असेल.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी आत्याबाई खोली सारवायला गेल्या. मी अंगणात मुलीला न्हाऊ घालत होते. आतून खाट सरकवल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही, म्हणून मी मुलीला तशीच टॉवेलात गुंडाळून दारात गेले.

आत्याबाई जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात पिकदाणी. तोंडापर्यंत भरलेली, वर पातळ साय धरलेली, आंबून गेलेली. खोलीत सिरक्याचा वास कोंदला होता. त्या बाटलीपासून लांब पळणारी ती बाई आता त्या पिकदाणीवर वाकून आत बघत होती. मग उठल्या. माझ्या शेजारून स्वयंपाकघरात गेल्या, मी त्यांना दिसलेही नसेन. तेलाचं नरसाळं घेऊन आल्या. रिकामी बाटली गुडघ्यांमध्ये धरली, तिच्या तोंडात नरसाळं बसवलं, आणि दोन्ही हातांनी पिकदाणी उचलून हळूहळू ओतायला लागल्या. थेंबही बाहेर सांडू देत नव्हत्या. गढूळ तांबडं ते पाणी बाटलीच्या गवताआड दिसेना. मग गवताच्या वर दिसलं. पोट भरलं. खांदे भरले. मानेत चढलं, आणि बुचाच्या जागेच्या जरासं खाली येऊन थांबलं.

आत्याबाईंनी नरसाळं काढलं. बाटली उजेडाकडं धरली.

"समदं हितंच हाय की गं," त्या म्हणाल्या. "समदं हितंच हाय."

आणि मग बाटली छातीशी धरून जे रडल्या, ते मी कधी ऐकलं नव्हतं. मुलगी घाबरून माझ्या गळ्याला बिलगली. मधे मधे त्या एवढंच म्हणत होत्या, "त्यानं इचारलं तवा म्या हो म्हणले न्हाई. म्या पानी पी म्हणले." मी खाली बसले, त्यांना धरलं. ह्यांच्या मागं आम्ही दोघी पहिल्यांदा एकमेकींना धरून रडलो ते त्या दिवशी, त्या आंबलेल्या वासात.

बाटली त्यांनी स्वतः वेलाच्या मुळाशी ओतली. राखेनं घासली, उन्हात पालथी घातली. घरात ठेवू नका, फोडून टाका, असं सांगायला दीर आले होते. आत्याबाईंनी त्यांच्यासमोर तिच्यात करडईचं तेल भरलं. "माज्या लेकाची हाय," म्हणाल्या. "थेंबबी गिळला न्हाई त्यानं." पुढं येणाऱ्या जाणाऱ्याला, विचारो न विचारो, त्या हे सांगत राहिल्या. कुणी मान डोलवली, कुणी मागं वळून हसलं असेल. त्यांना आता फरक पडत नव्हता.

माझी मुलगी आता पुण्यात असते. तिकडं सगळं मिळतं. हुरड्याला येताना ती दरवर्षी एक किआन्ती आणते, साध्या बाटलीतली. गवताची वीण आता क्वचितच बघायला मिळते म्हणे. ती आणि जावई अंगणात बसून पितात, चांगलं हसतात, मला बरं वाटतं. एक घोट मलाही देतात. मी तोंडात घोळवते, चिंचेचं बोटूक येतं, उशिरा संत्र्याची साल येते, आणि मी उठून वेलाच्या जागी जाते. वेल केव्हाच गेला. मुलगी म्हणते, "आई, आता कुणाला दाखवायचंय?" तिला बापाचा चेहरा आठवत नाही. मी पदरानं तोंड पुसते आणि म्हणते, सवय गं.

आत्याबाई त्यानंतर पुष्कळ जगल्या. पहाटेचं पंचशील चुकलं नाही. पण पाचव्याशी त्यांचा आवाज पुन्हा कधी चढला नाही. ते शील त्या अगदी हळू म्हणायच्या, आणि हात जोडलेलेच ठेवून भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडं बघून म्हणायच्या, "हो रे बाबा. हाय." रोज. मग गुडघ्यावर हात देऊन उठायच्या, आणि मी चहा गाळायला घ्यायची.